ऑइलप्रवेश : नवशिक्या रायडरसाठी आठ पाठ

उद्देश : हे पाठ पूर्ण केल्यावर विद्यार्थ्याला आपल्या स्पोर्ट बाइकसाठी सिंथेटिक इंजिन ऑइल निवडता येईल, निवडलेल्या ऑइलची बाजू लढवता येईल आणि दुसऱ्याने निवडलेल्या ऑइलकडे कणवेने पाहता येईल.

पात्रता : गाडीचे पहिले सर्व्हिसिंग झालेले असावे. त्याआधी गाडीत कंपनीने भरलेले ऑइल असते, मनात वॉरंटीची धास्ती असते आणि खात्यातून पहिला हप्ता नुकताच कापला गेलेला असतो, त्यामुळे ऑइलचा विचार सुचत नाही. तो साधारण हजार किलोमीटरनंतर सुचतो आणि एकदा सुचला की जात नाही.

साहित्य : एक स्पोर्ट बाइक. दोनशेच्या वर सभासदांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बाहेर पडून स्वतःचे गॅरेज टाकलेला एक मेकॅनिक. एक नरसाळे. शिवाय गाडीसोबत मिळालेले मॅन्युअल. ते सापडत नसेल तर शोधत बसू नये. आईने ते इन्शुरन्सच्या कागदांसोबत कपाटात ठेवलेले असते आणि रूढ पद्धतीने ऑइल निवडायचे तर त्याची गरज पडत नाही.

पाठ १ : ऑइल काय करते

कारच्या इंजिनाचे ऑइल वेगळे आणि गिअरबॉक्सचे वेगळे. बहुतेक मोटरसायकलींत मात्र दोन्हीकडे एकच ऑइल फिरते आणि क्लच प्लेट्सही त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. स्पोर्ट बाइकचे इंजिन मिनिटाला दहा हजार फेरे सहज घेते. म्हणजे सेकंदाला १६६. तेवढ्या वेळात पिस्टन १६६ वेळा वर जातो, तितक्याच वेळा खाली येतो आणि दरवेळी त्याच्या आणि सिलिंडरच्या मध्ये ऑइलचा पातळ थर टिकावा लागतो. तेच ऑइल पुढे गिअरच्या दातांत सापडते. जाडी टिकवण्यासाठी त्यात मिसळलेले पॉलिमरचे लांबलचक रेणू तिथे अक्षरशः चिरडून तुटतात. तिथून निसटले की क्लच. इथे घसरून चालत नाही, कारण प्लेट्सनी एकमेकींना घट्ट धरले तरच इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचते.

थोडक्यात, ऑइलकडून असलेल्या अपेक्षा स्थळांच्या जाहिरातीतल्या अपेक्षांसारख्या आहेत : स्वभाव मोकळा हवा, पण घर धरून राहणारे हवे. असे ऑइल खरोखर मिळते, हे रसायनशास्त्राचे मोठेच यश आहे. पण या माहितीचा ऑइल निवडताना कोणी उपयोग करत नाही, म्हणून पुढे जाऊ.

पाठ २ : सल्ला कोणाचा घ्यावा

सल्लागार चार प्रकारचे असतात. चौघांनाही विचारावे.

पहिला, ग्रुपवरचा दादा. याच्या फोटोत नेहमी गुडघा रस्त्याला टेकत आलेला असतो. त्याला "दादा, कोणतं ऑइल टाकू?" असे विचारले की तो "राइड कशी करतोस?" असे विचारतो. खरे उत्तर असे असते : रोज पुण्यात कर्वे रस्त्याने कॉलेज, महिन्यातून एकदा ताम्हिणी घाट, परत येताना मिसळ. ते द्यायचे नाही. "जरा अग्रेसिव्ह," असे म्हणावे. मग दादा म्हणतो, "डोळे झाकून थ्री हंड्रेड व्ही टाक." मोट्युलचे हे ऑइल १९७१ साली आले आणि शर्यतींतल्या तीनशे विजयांवरून त्याचे नाव पडले. त्या तीनशेंत डेक्कन ते कोथरूड ही शर्यत नसावी, पण दादाच्या आत्मविश्वासात त्याने फरक पडत नाही.

दुसरा, मेकॅनिक. हा डिपस्टिक ओढतो, ऑइलचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळतो, क्षणभर आकाशाकडे पाहतो आणि "पातळ पडलंय," असा निर्णय देतो. ऑइलच्या नावातला दुसरा आकडा ठरवायला जाडी मोजतात ती १०० अंश सेल्सिअसला. बोटांतल्या ऑइलचे तापमान बोटांइतकेच असते. १०० अंशांच्या ऑइलवर हा प्रयोग एका मेकॅनिकला एकदाच करता येईल.

तिसरा, दुकानदार. पुण्यात त्यासाठी नाना पेठ आहे. शेठ गाडीचे नाव ऐकायच्या आधीच डबा काउंटरवर ठेवतो. "सगळे हेच नेतात," एवढे एकच कारण तो देतो आणि चौघांच्या कारणांत पडताळून पाहता येईल असे हे एकच असते.

चौथे, काका. काकांनी ऐन तारुण्यात यामाहा आरएक्स १०० चालवलेली असते, त्यामुळे ऑइल या विषयावर त्यांचे मत असतेच. पण ती गाडी टू-स्ट्रोक. तिच्यात टू-टी ऑइल पेट्रोलसोबत जळून सायलेन्सरवाटे निळा धूर होऊन निघून जायचे. एकच ऑइल हजारो किलोमीटर टिकवायचा प्रश्न त्या इंजिनाला पडलाच नव्हता. काकांचे बोलणे पूर्ण ऐकावे, चहा घ्यावा, निघावे.

पाठ ३ : आकडे वाचणे

डब्यावर १०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-५० असे काहीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. नवशिक्याचा समज असा असतो, की हे ऑइल थंड असताना दहा नंबरचे पातळ असते आणि तापले की चाळीस नंबरचे घट्ट होते. असे ऑइल निघाले तर ते बनवणाऱ्याला नोबेल द्यावे लागेल. कोणतेही ऑइल थंडीत घट्ट आणि उष्णतेत पातळच होते. दोन आकडे दोन वेगळ्या परीक्षांचे आहेत, एवढेच.

डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा गोठवणाऱ्या थंडीत इंजिन फिरू शकेल का, हे सांगतो. एसएई या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे १०डब्ल्यू ऑइलची ही चाचणी उणे २५ अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० ला आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला. ग्रुपवर १०डब्ल्यू की १५डब्ल्यू यावरून मध्यरात्रीपर्यंत खडाजंगी होते तेव्हा हे तापमान लक्षात ठेवावे. पुण्यात पारा सात-आठ अंशांवर उतरला की वर्तमानपत्रात शेकोटीचे फोटो येतात. "पण मी लेहला जाणार आहे," असे कोणी म्हणेल. जाणार तर जून ते सप्टेंबरात, खिंडी उघड्या असताना. डिसेंबरात खारदुंगला ओलांडायचा बेत असेल तर ऑइलपेक्षा आधी घरच्यांशी बोलावे.

आपल्याकडच्या हवेत खरा अर्थ दुसऱ्या आकड्याला आहे. १०० अंशांना ४० ग्रेडच्या ऑइलची जाडी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स या मापात बसावी लागते आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९ मध्ये. म्हणजे ४० मधले सर्वांत घट्ट आणि ५० मधले सर्वांत पातळ ऑइल शेजारी-शेजारी राहतात. मध्ये फक्त कुंपण. शिवाय पाठ १ मधले गिअरचे दात आठवा. दोन-तीन हजार किलोमीटर पॉलिमर चिरडले गेल्यावर कुंपणालगतचे ५० पलीकडच्या ४० च्या अंगणात जाऊन बसू शकते. ज्या एका ग्रेडच्या फरकावरून मैत्री तुटली, तो फरक इंजिनाने परस्पर मिटवलेला असतो.

"घट्ट म्हणजे सुरक्षित" या श्रद्धेपासूनही सावध राहावे. जास्त घट्ट ऑइल पंपाला ढकलायला जड जाते, सकाळी चालू केल्यावर वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोहोचायला वेळ लावते आणि थोडी ताकद खाते. जास्त पातळ ऑइलचा थर भर उन्हात, अवघड चढावर तुटू शकतो. इंजिन बनवणाऱ्यांनी बेअरिंगमधल्या फटी आणि पंपाची ताकद पाहूनच आकडा ठरवलेला असतो. म्हणून चाकणला बनणाऱ्या केटीएम आरसी ३९० चे मॅन्युअल १५डब्ल्यू-५० मागते, नव्या यामाहा आर१५ चे १०डब्ल्यू-४० आणि होंडा सीबीआर २५०आर चे १०डब्ल्यू-३०. तिघे मित्र एकाच टपरीवर चहा पितात, एकाच घाटात जातात, आणि तिघांच्या गाड्यांना वेगळे ऑइल लागते. तिघांनी मिळून एकच "बेस्ट ऑइल" ठरवायची प्रथा मात्र आहे.

पाठ ४ : सिंथेटिक म्हणजे काय

हा पाठ श्रद्धाळूंनी वगळला तरी चालेल.

ऑइलचा मूळ द्रव, म्हणजे बेस ऑइल, पाच गटांत मोडतो. पहिले दोन गट मिनरल : कच्चे तेल शुद्ध करून मिळणारे. तिसरा गटही कच्च्या तेलापासूनच, पण जास्त दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून रेणूंची रचना बदललेला. चौथा गट म्हणजे पीएओ. हे रेणू वायूपासून कारखान्यात जोडून बनवतात. पाचव्यात उरलेले सगळे. त्यात एस्टर येतात, जे धातूला चिकटून राहतात आणि म्हणून शर्यतवाल्यांचे लाडके आहेत.

आता "सिंथेटिक" कोणाला म्हणायचे? १९९९ साली अमेरिकेत जाहिरातींचे तंटे सोडवणाऱ्या मंडळापुढे मोबिल विरुद्ध कॅस्ट्रॉल असा वाद गेला. तिसऱ्या गटाच्या ऑइलला सिंथेटिक म्हणणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, असे मोबिलचे म्हणणे होते. निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून डब्यावरच्या "फुल सिंथेटिक" या शब्दांवरून आत नेमके कोणत्या गटाचे ऑइल आहे ते कळत नाही. जर्मनीत हा शब्द इतक्या सहज वापरता येत नाही.

यावरून तिसरा गट वाईट असे समजू नये. तो मिनरलपेक्षा उष्णता चांगली सोसतो, कमी उडतो, गाळ कमी करतो. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये रेडिएटरचा पंखा मांडीवर गरम हवा सोडत असताना हे गुण खरोखर कामाला येतात. सिंथेटिकचा फायदा खराच आहे. तो उष्णतेत टिकण्यात आहे. रायडरच्या चेहऱ्यावर जे तेज येते ते डब्याच्या किमतीचे.

पाठ ५ : डब्याची मागची बाजू

ऑइलचा डबा पुढून रायडरसाठी छापलेला असतो आणि मागून गाडीसाठी. पुढे ज्वाळा, वेगाच्या रेषा आणि हेल्मेट घातलेला माणूस. मागे एका चौकटीत बारीक अक्षरे. विद्यार्थ्याने डबा उलटा करायची सवय लावून घ्यावी.

१९९० च्या दशकात कारच्या ऑइलमध्ये इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी रसायने पडू लागली. कारचे भले झाले, मोटरसायकलींचे क्लच घसरू लागले. म्हणून जपानी उत्पादकांनी १९९८ साली जासो टी ९०३ हे मानक आणले. त्यात एमए म्हणजे ओल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठी, जास्त पकडीचे. एमबी म्हणजे कमी घर्षणाचे. ते ऑटोमॅटिक स्कूटरला चालते, कारण तिचा क्लच ऑइलमध्ये नसतो. २००६ पासून एमए चे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग झाले. एमए२ ची पकड अधिक. स्पोर्ट बाइकसाठी डोळ्यांनी शोधायचे ते हेच शब्द. "रेसिंग", "अल्ट्रा", "पॉवर" आणि "नॅनो" यांची चाचणी कोणतीही संस्था घेत नाही.

शेजारी एपीआय या अमेरिकी संस्थेची अक्षरे असतात : एसजी, एसएल, एसएन, एसपी. अक्षर पुढचे तितके मानक नवे; एसपी २०२० चे. मॅन्युअल म्हणते त्या अक्षराच्या किंवा त्यापुढच्या अक्षराचे चालते, पण सोबत जासो एमए हवेच. एपीआयच्या गोल शिक्क्यात "रिसोर्स कॉन्झर्व्हिंग" असे लिहिले असेल तर तो डबा वडिलांच्या कारसाठी आहे. तो बाइकमध्ये ओतला तर काय होते? ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचे फेरे वाढतात, आवाज वाढतो, वेग वाढत नाही. काही रायडर याला "गाडी खुलली" असे समजतात. क्लच प्लेटचे बिल आले की ते शांत होतात.

पाठ ६ : खरेदी

डबा अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह घ्यावा. नामांकित ऑइलचे नकली डबे निघतात. त्यासाठी अस्सल रिकामे डबे लागतात आणि ते गॅरेजच्या मागच्या बाजूला रचलेले असतात. म्हणून सील, झाकण, बॅच क्रमांक आणि क्यूआर कोड पाहावा. रिकामा झालेला डबा खिळ्याने भोसकूनच टाकावा. पाहणाऱ्याला हा राग वाटेल. ती नागरी जबाबदारी आहे.

खरी अडचण मापाची येते. आरसी ३९० ला दीड-पावणेदोन लिटर ऑइल लागते आणि डबा मिळतो एक लिटरचा. दोन घ्यावे लागतात, उरलेले माळ्यावर जाते, गोडेतेलाच्या डब्यापासून सुरक्षित अंतरावर. घट्ट झाकण लावून कोरड्या जागी ठेवले तर ते नंतर पातळी भरायला कामी येते. वाटेत पातळी कमी दिसली आणि आपला ब्रँड मिळाला नाही, तर त्याच ग्रेडचे, त्याच जासो मानकाचे दुसऱ्या कंपनीचे ऑइल घालता येते. दोन ब्रँड एकत्र आले की इंजिनात दही जमते, ही समजूत ग्रुपवर जपून ठेवलेली आहे. प्रत्यक्षात मानकानुसार बनलेली इंजिन ऑइल एकमेकांत मिसळतात. नेहमीची सवय म्हणून मिसळ करू नये, पण कोरडे इंजिन ओढत घर गाठण्यापेक्षा मिसळ केव्हाही बरी.

काउंटरवर शेवटी शेठ एक छोटी बाटली पुढे करील : "यात टाका, इंजिन मख्खन." ती नम्रपणे मागे सरकवावी. ऑइलमध्ये जे घालायचे ते बनवणाऱ्याने मोजून घातलेले असते. वरून ओतलेली निसरडी वस्तू पिस्टनपुरती थांबत नाही, क्लचपर्यंत जाते.

पाठ ७ : ऑइल बदलणे

इंजिन थोडे गरम करून बंद करावे. कोमट ऑइल पूर्ण निथळते आणि तळची घाणही घेऊन येते. ड्रेन बोल्टचा वॉशर आणि फिल्टर नवा घालावा. हजारोंचे ऑइल घेऊन शेकड्यातला फिल्टर जुनाच ठेवणारे रायडर आहेत. त्यांना कोणी काही म्हणत नाही, कारण फिल्टर बाहेरून दिसत नाही.

जुने ऑइल काळे निघेल. हे पाहून घाबरायचे नाही. जळलेल्या इंधनाची काजळी आणि घाण स्वतःत धरून ठेवणे हे ऑइलचे कामच आहे. काळजी दुधाळ रंगाची करावी, कारण त्यात पाणी असते. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली तर इंजिन पूर्ण तापत नाही, आतली वाफ आणि पेट्रोल ऑइलमध्येच राहतात. पावसाळ्यात तर जास्तच. म्हणून कमी चाललेल्या गाडीनेही वर्ष सरले की ऑइल बदलून घ्यायचे असते. "माझी गाडी चालतच नाही" ही ऑइलच्या दृष्टीने चांगली बातमी नाही.

भरताना आधी थोडे कमी भरावे, गाडी सरळ उभी करावी, मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे इंजिन चालवून, थांबून पातळी पाहावी आणि मग उरलेले घालावे. "राहू दे, थोडं जास्तच बरं" हा पाहुणचार इथे नको. जास्त ऑइल घुसळून फेसाळते, आणि फेस बेअरिंगला ऑइलसारखे सांभाळत नाही.

निघालेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात ओतू नये. मुळा-मुठेला हवे-नको ते सगळे आधीच मिळालेले आहे. डब्यात भरून सर्व्हिस सेंटरला द्यावे.

पाठ ८ : फरक जाणवणे

हा अभ्यासक्रमाचा कळस. ऑइल बदलल्यावर पहिल्या चौकातच "स्मूथ झाली" असे म्हणावे. गिअर अलगद पडतात, इंजिनाचा आवाज मऊ येतो, मागे बसलेल्या मित्रालाही ते पटते. यात खोटे काही नाही. जुने ऑइल चिरडून पातळ झालेले होते, नवे पूर्ण जाडीचे आहे. योग्य ग्रेडचे अर्ध्या किमतीचे ताजे ऑइल घातले असते तरी गिअर असेच पडले असते. पण ते सांगण्याची ही वेळ नव्हे.

जाणकारांसाठी टीप : महाग ऑइल घालून बदलायचा काळ दुप्पट लांबवणाऱ्या रायडरपेक्षा मॅन्युअलमधले साधे ऑइल वेळेवर बदलणाऱ्याचे इंजिन अधिक सुखात असते. हे वाक्य ग्रुपवर टाकून पाहिल्यास कोणीही अंगठा देत नाही.

स्वाध्याय

प्र. १. रिकाम्या जागा भरा.
(अ) १०डब्ल्यू मधील डब्ल्यू म्हणजे ______. तो पुण्यात ______ महिन्यात असतो असे म्हणतात.
(आ) ओल्या क्लचसाठी डब्यावर जासो ______ लिहिलेले हवे.
(इ) मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला ______ आहे, तरी "हायवेला ऑइल तापतं" असे दादा म्हणतो.

प्र. २. शास्त्रीय कारणे द्या.
(अ) कारचे ऑइल घातलेली मोटरसायकल आवाज करते, पण पुढे जात नाही.
(आ) आरएक्स १०० वाल्या काकांशी वाद घालू नये.

प्र. ३. टीप लिहा : "सगळे हेच नेतात."

प्र. ४. फरक स्पष्ट करा : इंजिनाची गरज आणि माझी गरज. (उत्तर किमतीसह लिहा.)

उपक्रम : आपल्या ग्रुपवर "कोणतं ऑइल बेस्ट?" एवढाच प्रश्न टाका. चोवीस तासांत आलेली उत्तरे वहीत उतरवून घ्या. उत्तर देण्याआधी "गाडी कोणती?" असे किती जणांनी विचारले ते मोजा. त्यानंतर आईकडून कपाटाची किल्ली घ्या.